गोगलगाय, पोटात पाय आणि आपले स्वयंपाकघर

वरून गरीब, निरुपद्रवी दिसणाऱ्या आणि आतून बिलंदर असणाऱ्या माणसाला आपण ‘गोगलगाय नि पोटात पाय’ असे म्हणतो. मौज अशी, की प्राणिशास्त्रानेही या जीवाला नेमके हेच नाव दिले आहे. ज्या वर्गात गोगलगायींची गणना होते, त्याचे नाव ‘उदरपाद’, म्हणजे ज्याचे पोट हाच पाय आहे तो. म्हणीचा उरलेला अर्थ, म्हणजे साधेपणाआड दडलेला उपद्रव, मात्र पावसाळ्यातच कळतो. आषाढातल्या एखाद्या सकाळी कुंडीतली झेंडूची रोपे देठापाशी तुटून पडलेली दिसतात, मोरीजवळच्या फरशीवर चांदीच्या तारेसारखी एक वाळलेली रेघ चमकत असते, आणि तो गरीब जीव कोठे दिसतही नाही.

वाचकहो, या लेखाचा विषय शंखाची गोगलगाय नसून तिची बिनशंखाची बहीण आहे. कृषिविषयक मराठी लेखनात शंख असलेलीला ‘शंखी’ आणि नसलेलीला ‘शेंबी’ म्हणतात. अंगावरच्या चिकट स्रावावरून पडलेले हे नाव काहीसे अशिष्ट वाटले, तरी इतके चपखल आहे, की त्याऐवजी दुसरे शोधण्याचे कारण नाही. शहरात तर पुष्कळांना तिचे नावच ठाऊक नसते. न्हाणीघरात काळपट, चपटे, चामड्यासारखे काही सरकताना दिसले, की ‘जळू, जळू!’ अशी हाकाटी होते. ही जळू नव्हे. ती चावत नाही, रक्त पीत नाही, नांगीही मारत नाही. तिच्यापासून जो धोका संभवतो तो निराळ्या वाटेने, बहुधा आपल्या ताटातून येतो. म्हणूनच बागकामाच्या या विषयाला आरोग्याच्या पाक्षिकात जागा द्यावी लागते.

मुंबई-पुण्याच्या आणि कोकणच्या घरांभोवती सर्रास आढळणारी शेंबी म्हणजे ‘लेव्हिकॉलिस आल्टे’. पाठ गडद तपकिरी वा काळी व खरबरीत, मधोमध लांबवर एक फिकट रेघ, आणि हात लावताच अंग आक्रसून घेण्याची सवय, या खुणांवरून ती ओळखता येते. ती मूळची आफ्रिकेतली. तिची शंखवाली सोबतीण, आफ्रिकी महाकाय गोगलगाय, हीसुद्धा बाहेरचीच. विल्यम बेन्सन या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने १८४७ मध्ये ती मॉरिशसहून कलकत्त्यास आणली आणि तेथील एका बागेत सोडली. हौसेने आणलेल्या त्या जीवांची प्रजा पुढे देशभर पसरली. लातूर-बीडकडच्या शेतकऱ्यांना २०२२ च्या पावसाळ्यात नुकते उगवलेले सोयाबीन या गोगलगायींच्या स्वाधीन करावे लागले होते, हे आपल्याला आठवत असेल. शेतातील शंखी आणि कुंडीतील शेंबी, दोघींच्या सवयी सारख्याच असल्यामुळे शेतकऱ्याचे कित्येक उपाय गृहिणीलाही उपयोगी पडतात; काही मात्र घरात मुळीच चालत नाहीत, त्याविषयी पुढे येईलच.

तिच्या सवयी एकदा समजून घेतल्या, की निम्मे काम होते. तिच्या शरीराचा बहुतेक भाग पाण्याचा. अंगावर शंख नाही, त्वचा पातळ. ऊन आणि वारा हे तिचे काळ. म्हणून दिवसभर ती कुंडीच्या बुडाखाली, विटांच्या फटीत, सडलेल्या पाल्यात, ओल्या पायपुसण्याखाली पडून राहते आणि अंधार पडल्यावर बाहेर निघते. जीभ कानशीसारखी असते. तिच्यावर हजारो सूक्ष्म दात असतात. त्या जिभेने पान खरवडून खाल्ले जाते, म्हणूनच पानांना अळीने कुरतडल्यासारखी नीट कड न दिसता वेडीवाकडी भोके पडतात. प्रत्येक शेंबी नर आणि मादी दोन्ही असते. त्यामुळे कोणत्याही दोघी भेटल्या तरी वंशवृद्धीला अडचण पडत नाही. अंडी ओल्या मातीत, कुंडीखाली, पुंजक्याने घातली जातात. एक शेंबी दिसली तर आसपास आणखी आहेत असेच समजावे.

आता आरोग्याचा प्रश्न. उंदीर-घुशींच्या फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत एक बारीक, धाग्यासारखा कृमी राहतो. त्याचे शास्त्रीय नाव ‘अँजिओस्ट्राँगिलस कँटोनेन्सिस’. चीनमधील कँटन येथील उंदरांत तो प्रथम आढळला. १९३५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, आणि त्या शहराचे नाव त्याला कायमचे चिकटले. या कृमीची अंडी उंदराच्या फुफ्फुसात फुटतात, अळ्या श्वासनलिकेतून घशात व तेथून पोटात जातात आणि विष्ठेबरोबर बाहेर पडतात. शेंबी ती विष्ठा खाते. तिच्या शरीरात दोन-तीन आठवड्यांत अळ्यांची वाढ होते. मग उंदराने ती शेंबी खाल्ली, की चक्र पूर्ण होते. या चक्रात माणसाला स्थान नाही. मात्र कच्च्या पाल्याबरोबर नकळत एखादी इवलीशी शेंबी वा तिचा तुकडा माणसाच्या पोटात गेला, तर त्या अळ्या आपल्या सवयीप्रमाणे मेंदूकडे जातात. उंदरात त्या मेंदूतून पुढे फुफ्फुसाकडे निघतात. माणसात बहुधा तेथेच अडकून मरतात, आणि त्यामुळे मेंदूच्या आवरणांचा दाह होतो.

ही परदेशची गोष्ट आहे असे समजण्याचे कारण नाही. १९८० च्या दशकात हाफकिन संस्थेच्या संशोधकांनी मुंबईच्या वस्त्यांतील उंदरांत हा कृमी असल्याचे दाखविले, आणि त्याच काळात मुंबईतील त्या काळ्या शेंबीतही त्याच्या अळ्या सापडल्या. केरळात घोरपडीचे कच्चे मांस खाल्ल्यानंतर असा मेंदूदाह झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेली आहे. घोरपड गोगलगायी खाते, हा त्यातला दुवा. (घोरपडीची शिकार हा गंभीर गुन्हा आहे, हेही जाता जाता लक्षात असू द्यावे.) ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे २०१० मध्ये मित्रांच्या पैजेखातर एका तरुणाने जिवंत शेंबी गिळली. तो वर्षाहून अधिक काळ बेशुद्धावस्थेत होता, नंतर अपंगावस्थेत जगला आणि २०१८ मध्ये मरण पावला. मुलांना ही हकिगत जरूर सांगावी. शाळकरी वयात ‘हे खाऊन दाखव’ म्हणणारे मित्र सगळ्यांनाच असतात.

तरीही घाबरून जाण्याचे कारण नाही, हे मी मुद्दाम ठासून सांगतो. हा आजार विरळ आहे. प्रत्येक शेंबीत कृमी असतातच असे नाही, आणि संसर्ग झालेल्यांपैकी बहुसंख्य लोक योग्य शुश्रूषेने पूर्ण बरे होतात. शेंबी अंगावरून गेली, हाताला लागली, म्हणून आजार होत नाही. तिच्या नुसत्या स्रावातून होणारा धोका तज्ज्ञ कमी मानतात. प्रश्न फक्त पोटात जाण्याचा आहे, आणि तो मार्ग बंद करणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.

त्यासाठी स्वयंपाकघरात यावे लागेल. शिजविलेल्या भाजीची चिंता करू नये; चांगली उकळी येऊन तीन ते पाच मिनिटे शिजलेल्या पदार्थात या अळ्या टिकत नाहीत. अळूचे फदफदे, टाकळ्याची वा भारंगीची भाजी, पालकाची ताकातली भाजी हे सारे निर्धास्त खावे. लक्ष द्यायचे ते कच्च्या पदार्थांकडे. आपल्या जेवणात कच्चे फार नसते असे आपण समजतो. पण जरा मोजून पाहा. आमटीवर भुरभुरलेली कोथिंबीर, पुदिन्याची चटणी, कोबीची पचडी, मुळ्याच्या पाल्याची कोशिंबीर, सँडविचमधले सॅलडचे पान, आणि सकाळी अंगणातल्या तुळशीची दोन पाने खुडून तशीच तोंडात टाकण्याची आजोबांची सवय. यांत अलीकडे भर पडली आहे ती हिरव्या रसांची.

या रसांविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण आरोग्याची आस्था असलेल्या घरांतच ते अधिक प्यायले जातात. दूर्वांचा रस, गव्हांकुरांचा रस, पालक-कोथिंबिरीचा कच्चा रस. दूर्वा तर जमिनीलगत वाढतात, ओल्या जागी वाढतात, आणि त्यांची विपुलता नेमकी श्रावण-भाद्रपदात, शेंबींच्या भरात. तांदळाच्या दाण्याएवढे पिल्लू दूर्वांच्या मुठीत दडले तर ते डोळ्याला दिसणार नाही, आणि मिक्सरमध्ये वाटल्यावर तर त्याची खूणही राहणार नाही. वाटल्याने अळ्या मरतील हा भरवसा धरता येत नाही. रस गाळून घेतला तरी या सूक्ष्म अळ्या गाळणीला दाद देत नाहीत. माझे मत स्पष्ट आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत कच्च्या पाल्याचा रस बंद ठेवावा. ज्यांना वैद्यांनी तो सांगितलेला आहे त्यांनी त्याच वैद्यांना पर्याय विचारावा. आपल्याकडे चातुर्मासात, निदान श्रावणात, पालेभाज्या वर्ज्य करणारी घरे अजून आहेत. त्या रूढीमागे शेंबीचा विचार होता असा दावा मी करणार नाही. पण पावसाळ्यातल्या पाल्याकडे संशयाने पाहावे ही तिची दृष्टी चुकीची नव्हती.

भाजी धुण्याची आपली पद्धतही तपासून पाहावी. जुडी जशीच्या तशी नळाखाली धरून झटकली, की धुतली असे मानले जाते. शेंबीचे पिल्लू पानांच्या बेचक्यात चिकटलेले असते. ते अशा झटक्याने सुटत नाही. जुडीचा दोरा सोडून मुळे व सडकी पाने काढून टाकावी, मोठ्या परातीत वा पातेल्यात भरपूर पाणी घेऊन भाजी त्यात मोकळी सोडावी आणि मग वाहत्या पाण्याखाली एकेक पान दोन्ही बाजूंनी बोटाने चोळून धुवावे. कोबीची बाहेरची तीन-चार पाने सरळ टाकून द्यावी व आतली सुटी करून धुवावी. काम वेळखाऊ आहे, याची जाणीव मला आहे. म्हणूनच ते घरातल्या एकाच व्यक्तीच्या गळ्यात घालू नये. चष्मा असणाऱ्यांनी तो लावून बसावे. मिठाचे पाणी, हळदीचे पाणी, व्हिनेगर, पोटॅशियम परमँगनेट यांपैकी कशानेही अळ्या खात्रीने मरतात असे नाही. मिठाच्या पाण्यात काही जीव पाने सोडून तळाशी जातात एवढा त्याचा उपयोग. धुण्याचे काम ते वाचवीत नाही. पानावर चंदेरी रेघ वा कुरतडल्याच्या ताज्या खुणा दिसल्या तर ते पान कच्चे खाऊ नये, शिजवावे.

पाण्याच्या भांड्यांचेही तसेच. बागेतला हौद, पावसाचे पाणी साठविण्याचे पिंप, गच्चीवरची टाकी यांवर घट्ट झाकण हवे. शेंबी पाण्यात पडून मेली, तर तिच्यातल्या अळ्या पाण्यात येऊ शकतात आणि काही काळ जिवंत राहू शकतात. कुत्र्या-मांजराचे ताट रात्रभर अंगणात ठेवण्याची सवय मोडावी. त्यातल्या उरल्यासुरल्या अन्नावर शेंबी हमखास येते, आणि कुत्र्याच्या पिल्लांनाही हाच आजार होऊ शकतो.

घरात रांगणारे मूल असेल तर त्याला फरशीवर सोडण्यापूर्वी सकाळी केरसुणी व ओले फडके फिरवावे, दाराशी असलेल्या कुंड्यांपासून त्याला दूर ठेवावे. मुलाने शेंबी तोंडात घातलीच, तर बोटाने ती बाहेर काढावी, तोंड स्वच्छ पुसावे, मोठ्या मुलाला चुळा भरायला लावाव्यात आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तारीख लिहून ठेवावी. या आजाराची लक्षणे लगेच दिसत नाहीत. साधारणतः एक ते तीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा दिसू लागतात, आणि तोवर ती घटना घरातले विसरून गेलेले असतात. न थांबणारी तीव्र डोकेदुखी, मान ताठरणे, मळमळ व उलट्या, अंगावर मुंग्या आल्यासारखे वा कपड्याचा स्पर्शही दुखावा असे वाटणे, ही मुख्य लक्षणे. ताप येतो किंवा येतही नाही. लहान मूल मात्र डोके दुखते असे सांगू शकत नाही. ते चिडचिडे, सुस्त होते, खाणे सोडते. अशा वेळी डॉक्टरांना ‘अमुक दिवशी गोगलगाय तोंडात गेली होती’ हे आपणहून सांगावे. पाठीच्या कण्यातील पाणी तपासल्यावर त्यात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या आढळल्या, की निदानाची दिशा मिळते. जंताचे औषध घरात असते म्हणून ते स्वतःच्या बुद्धीने देऊ नये. मेंदूत कृमी एकदम मेल्याने दाह वाढण्याची भीती असते. ते द्यावे की नाही, द्यायचे तर कशाबरोबर, याचा निर्णय डॉक्टरांचाच.

हाताला शेंबीचा चिकटा लागला तर बहुतेक जण धावत जाऊन हात पाण्याखाली धरतात आणि मग तो अधिकच बुळबुळीत होतो. त्याचे कारण असे, की हा स्राव पाणी शोषून फुगतो. आधी कोरड्या कागदाने वा फडक्याने हात घासून पुसावे, चिकटा गोळ्या होऊन सुटतो. नंतर साबणाने धुवावे. फरशीवरच्या रेघेचेही तेच, आधी कोरडे पुसणे आणि मग साबणाचे पाणी.

घरात शिरणारी शेंबी वाट शोधत येते ती ओलाव्याची. मोरीच्या जाळीची भोके मोठी असतील तर बारीक जाळी बसवावी. मागच्या दाराखालची फट रबराच्या वा ब्रशच्या पट्टीने बंद करावी. ओली पायपुसणी रात्री दांडीवर टाकावीत. गळका नळ दुरुस्त करावा. भिंतीला टेकून ठेवलेल्या कुंड्या वीतभर पुढे ओढाव्यात. एवढ्याने न भागल्यास रात्री दहा-अकराच्या सुमारास विजेरी घेऊन पाहावे, कारण सकाळच्या रेघेवरून ती कोणत्या बाजूने आली हे सांगता येत नाही. रात्री मात्र ती वाटेवरच सापडते.

सापडल्यावर काय करावे? आपल्याकडे पहिला हात जातो तो मिठाच्या बरणीकडे. मीठ टाकल्यावर तिच्या अंगातले पाणी बाहेर ओढले जाते, ती तडफडते, ढिगाने चिकटा सोडते, आणि फरशीची अवस्था पाहवत नाही. लहान मुलांसमोर तर हे करूच नये. कुंडीत मीठ टाकणे म्हणजे शेंबीबरोबर झाडालाही मारणे. माती खारट झाली, की ती सहजी सुधारत नाही. जुना चिमटा, पुठ्ठ्याचा तुकडा वा हातमोजा वापरून तिला उचलावे आणि दाट साबणाच्या वा मिठाच्या पाण्याच्या झाकणबंद डब्यात टाकावे. सकाळी ते खड्डा करून पुरावे. ‘जीव आहे, शेजारच्या मोकळ्या जागेत सोडून देऊ’ असे पुष्कळांना वाटते. भावना चांगली आहे. पण ही आफ्रिकी पाहुणी आहे, तेथून ती परत येते किंवा दुसऱ्याच्या अंगणात नांदू लागते. सह्याद्रीच्या रानात मात्र मूळच्या इथल्या, देखण्या शेंबी व अर्धवट शंखाच्या गोगलगायी आहेत. सहलीला गेल्यावर त्या दिसल्या तर त्यांच्या वाटेला जाऊ नये.

बागेतल्या बंदोबस्तासाठी सर्वांत उत्तम साधन आहे गोणपाट. शेतकरी हा उपाय करतात, आणि चार कुंड्यांच्या गॅलरीतही तो तितकाच चालतो. गोणपाटाचा तुकडा गुळाच्या पाण्यात भिजवून, पिळून, संध्याकाळी कुंड्यांच्या मध्ये अंथरावा. रात्रभर चरून झाल्यावर पहाटे शेंबी त्याच्याखाली आसऱ्याला जमतात. उजाडल्याबरोबर, ऊन चढण्यापूर्वी, गोणपाट उलटून त्या वेचाव्यात. पपईची वा कलिंगडाची साल, कोबीचे टाकाऊ पान पालथे ठेवले तरी काम होते. आठ-दहा दिवस रोज हे केल्यास संख्या डोळ्यांना दिसेल इतकी घटते; दोन दिवस करून सोडल्यास काही होत नाही. पाश्चात्त्य पुस्तकांत बिअरचा पेला जमिनीत पुरण्याचा सल्ला असतो. शेंबीला ओढ असते ती त्यातल्या आंबलेल्या वासाची; साखरपाण्यात चिमूटभर यीस्ट व कणीक कालवून ठेवली तरी तिची समजूत पटते. अशा पेल्यांवर मुलांचा व कुत्र्याचा हात पोहोचणार नाही हे पाहावे.

पाणी घालण्याची वेळ बदलणे हा दुसरा, फुकटचा उपाय. संध्याकाळी घातलेल्या पाण्याने रात्रभर माती ओली राहते, म्हणजे आपणच तिच्यासाठी वाट शिंपून ठेवतो. सकाळी पाणी घालावे. दसऱ्यासाठी जुलैत लावलेली झेंडूची रोपे, मिरचीची, कोबीची रोपे ही तिची आवडती. ती वीतभर होईपर्यंत जमिनीवर न ठेवता टेबलावर वा लोखंडी मांडणीवर ठेवावीत. देठ जून झाल्यावर ती फारसे नुकसान करू शकत नाही.

अंड्याची टरफले, तांब्याची पट्टी, कॉफीचा चोथा यांची कीर्ती मोठी आहे. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने सॅलडच्या रोपांभोवती तांब्याची पट्टी, टरफले, खडी, लोकरीच्या गोळ्या व सालींचा भुगा घालून पाहिला. २०१८ मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष असा, की काहीही न घातलेल्या रोपांच्या तुलनेत नुकसान कमी झाले नाही. कॉफीची गोष्ट थोडी वेगळी. हवाईमधील संशोधकांनी २००२ मध्ये दाखविले, की एक-दोन टक्के कॅफिनचे द्रावण या जीवांना मारते. परंतु आपल्या कपातल्या कॉफीत कॅफिन त्याहून कितीतरी पटींनी कमी असते आणि उरलेल्या चोथ्यात तर आणखी कमी. चुन्याची रेघ कोरडी असेपर्यंत तिला अडविते. श्रावणात ती किती वेळ कोरडी राहील, हे सांगायला नको. टरफले खत म्हणून जरूर घालावीत, पहारेकरी म्हणून नव्हे.

विषारी गोळ्यांविषयी मात्र मी कडक भूमिका घेईन. कृषी केंद्रात मिळणाऱ्या ‘मेटाल्डिहाइड’च्या गोळ्या शेतात, जाणकारांच्या सल्ल्याने वापरल्या जातात. घराच्या अंगणात त्या नकोत. त्यांत कोंड्यासारखे आमिष असते, ते कुत्र्यालाही खाऊ वाटते आणि लहान मुलालाही. कुत्र्याने त्या खाल्ल्या तर काही वेळात थरथर, झटके येऊ लागतात. या विषावर नेमका उतारा नाही, लक्षणांवर उपचार करीत राहावे लागते. ब्रिटनमध्ये याच धोक्यांमुळे २०२२ पासून बाहेरच्या बागेत त्यांचा वापर बंद करण्यात आला. मिथोमिलसारखी कीटकनाशके भुसा-गुळात कालवून केलेली आमिषे तर त्याहून भयंकर. अगदीच निरुपाय झाला तर लोह फॉस्फेटच्या गोळ्या मिळतात का ते पाहावे. त्या तुलनेने सौम्य आहेत, तरी मुलांच्या हाताबाहेर ठेवाव्यातच. विषाची आणखी एक बाजू आहे. काजव्यांच्या अळ्या गोगलगायी व शेंबी खाऊन वाढतात. बेडूक, जमिनीवर फिरणारे भुंगेरे, भारद्वाज पक्षी हे सारे आपले बिनपगारी राखणदार. बागेत सरसकट विष पसरल्यास आधी हेच नाहीसे होतात. आपल्या आवारात भारद्वाज उड्या मारत हिंडत असेल तर त्याला हुसकावू नये. महाकाय गोगलगायीचा शंख फोडून खाण्याची कला त्याला अवगत आहे.

उंदरांचा बंदोबस्त हा या साऱ्याच्या मुळाशी असलेला उपाय. उंदीर नसतील तर शेंबीत तो कृमी येणार कोठून? ओला कचरा झाकून ठेवणे, इमारतीमागच्या गटाराची जाळी दुरुस्त करणे, पायऱ्यांखालची अडगळ काढणे याने लेप्टोस्पायरोसिसचाही धोका घटतो. पावसाळ्यात मुंबई-ठाण्यात त्याचे रुग्ण दरवर्षी असतातच. हे काम एकट्या घराचे नाही. सोसायटीच्या सभेत पार्किंगच्या भांडणाआधी हा विषय घ्यावा असे सुचविले, तर हसू नये.

आणि पाऊस ओसरल्यावर, नवरात्राच्या सुमारास, एक दिवस बागेसाठी काढावा. कुंड्या एकेक करून उचलाव्यात, बुडाखालची माती खरवडावी, विटा-फरशा उलटून पाहाव्यात. साबुदाण्यासारखे पारदर्शक दाणे पुंजक्याने दिसतील, किंवा मातीने माखलेली मण्यांची माळ सापडेल, ती अंडी. हातमोजे घालून ती गोळा करावीत आणि साबणाच्या पाण्यात टाकावीत. सडका पाला काढून कुंडीतली वरची दोन बोटे माती हलकी उकरून ठेवावी व ती ऑक्टोबरच्या उन्हात चांगली तापू द्यावी. पुढच्या ज्येष्ठात, पहिल्या सरीनंतर तीन-चार दिवसांनी, गोणपाट पुन्हा बाहेर काढावे.